फुरशाचे विष

एकिस कॅरिनेटस हे शास्त्रीय नाव असलेल्या, व्हायपरिडी कुलातील फुरसे या सापाच्या विषग्रंथींचा प्रथिनयुक्त स्राव. नाग, मण्यार व घोणस यांच्याबरोबर फुरशाची गणना भारतातील चार प्रमुख विषारी सापांत होते. महाराष्ट्रात ते विशेषतः रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत विपुल आढळते.

विषक्रिया : या विषाचा मुख्य परिणाम रक्तावर होतो. त्यातील एकारिन हे एंझाइम रक्तातील प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनाला सक्रिय करते. त्यामुळे रक्तवाहिन्यांत क्लथनाची (रक्त साखळण्याची) क्रिया अकारण सुरू होते, तीत फायब्रिनोजेन हे आवश्यक प्रथिन खर्ची पडते आणि अखेर रक्त साखळेनासे होते. इतर एंझाइमे केशवाहिन्यांच्या भित्तींना इजा करतात. परिणामी दंशाची जागा, हिरड्या व मूत्रमार्ग यांतून रक्तस्राव होतो. मेंदूत झाल्यास तो प्राणघातक ठरतो. स्वच्छ, कोरड्या काचनळीत रुग्णाचे रक्त २० मिनिटे न हलविता ठेवूनही साखळले नाही, तर विषबाधेचे निदान होण्यास मदत होते.

औषधोपयोग : विषातील प्रत्येक घटक शरीरातील ठराविक रेणूवरच क्रिया करतो. ही नेमकेपणाची शक्ती घातक असली, तरी घटक अलग केल्यास तीच उपयोगी पडते. फुरशाच्या विषातून १९८८ मध्ये ४९ ॲमिनो अम्लांचे एकिस्टॅटिन हे प्रथिन अलग करण्यात आले. ते बिंबाणूंच्या पृष्ठावरील ग्राहीला चिकटून त्यांना एकत्र येऊ देत नाही. हृद्‌रोहिणीत गुठळी होताना बिंबाणूच एकत्र येत असल्याने, त्याच्या क्रियाशील भागाच्या धर्तीवर टिरोफिबान हे लहान रेणूचे औषध रासायनिक रीत्या तयार करण्यात आले. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ते नीलेतून देतात. एकारिनाचा उपयोग क्लथनविषयक प्रयोगशाळा-चाचणीत होतो. तत्पूर्वी ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल हे औषध निर्माण झाले होते (मान्यता १९८१).

मूळ विष मात्र औषध नव्हे. त्याचे सेवन वा अंतःक्षेपण धोक्याचे असते. दंशावर प्रतिविष हाच विशिष्ट उपचार होय. घोड्यांना विषाच्या अल्प, वाढत्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून ते बनवितात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत विसाव्या शतकात त्याचे उत्पादन झाले. भारतीय प्रतिविष उपर्युक्त चारही सापांच्या विषांवर लागू पडते. आवळपट्टी, जखम कापणे वा मंत्रोपचार यांत वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात नेणे आवश्यक असते. कारण खर्ची पडलेले फायब्रिनोजेन पुन्हा तयार होण्यास विषाचे निष्प्रभावन आधी व्हावे लागते.