आजीचा गृहपाठ

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 8 मार्च 2016 रोजी तिथे 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. घरी त्यांचा गृहपाठ घ्यायला नातवंडं बसली. नात 'अ' गिरवून दाखवते, आजी थरथरत्या हाताने पेन्सिल फिरवते.

मुलांसोबतच्या या शिकण्या-शिकवण्यात आजीला नेमकं काय मिळतं? अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 'एक्स्पीरियन्स कोअर' उपक्रमात साठीपुढची माणसं प्राथमिक शाळांत आठवड्याला सुमारे 15 तास मुलांना वाचायला मदत करत. दोन वर्षांच्या अभ्यासात, विशेषतः पुरुषांमध्ये, वयानुसार आक्रसणारा मेंदूचा भाग टिकून राहिल्याचं, किंचित वाढल्याचंही दिसलं. कारण सरळ आहे. शाळेत जायचं म्हणजे चालणं आलं, मुलांची नावं लक्षात ठेवणं आलं, अनपेक्षित प्रश्नांना उत्तरं देणं आलं. शरीर, स्मृती आणि मन तिघांनाही एकदम काम मिळतं. शिवाय आपली कुणाला तरी गरज आहे, ही जाणीव एकटेपणावर मोठा उतारा ठरते.

आमच्या इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगरातही मुलं पुणे-बंगळूरला गेलेली घरं आहेत. तिथल्या आजी-आजोबांना मराठी मंडळांनी आठवड्यातून दोन दुपारी शेजारच्या बालवाडीशी जरूर जोडून द्यावं. मात्र एखाद्या दिवसाचा सत्कार पुरेसा नाही. ठरलेली वेळ, ठरलेलं काम आणि तीच मुलं हवीत.