जीपवर एरियल कुठे बसवावी?

किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) हॅम रेडिओवाले लातूर भागात मदतीला आले होते. त्यांच्या कामाला सरकारी परवाना लागतो. आपल्या व्यापारी बंधूंना गाडीत फक्त आकाशवाणी ऐकायची असते, पण एरियलचा कायदा दोघांना एकच.

लोखंडी टपाचा मध्य ही सर्वांत उत्तम जागा, कारण खालचा पत्रा एरियलचाच अर्धा भाग असतो. कापडी हूडच्या जीपला टपच नाही! तिथे मागच्या बॉडीचा उजवा कोपरा धरावा. डावीकडे बाभळीच्या फांद्या दांडी मोडतात. बंपरवर बॉडी आड येते, बॉनेटजवळ इंजिनची खरखर घुसते. लोखंडी कॅरिअरपासूनही दूर ठेवावी. एफएमसाठी ७५ सेंटीमीटरची दांडी पुरे.

दांडी बॉडीला टेकू नये, मात्र केबलची बाहेरची जाळी कोऱ्या पत्र्याला घट्ट भिडली पाहिजे. माझ्या जीपला मिस्त्रीने रंगावरच नट आवळला. लोह्याच्या पुढे नुसती खरखर, पावसाची खबर कळलीच नाही आणि अहमदपूरला पोहोचेपर्यंत साड्यांच्या दोन गाठी भिजल्या. नंतर रंग खरवडून, ग्रीस लावून पुन्हा बसवली. आता चाकूरपर्यंत बातम्या साफ येतात.