बर्फात फिरायला स्वतःची गाडी नेताय? घरून निघण्याआधी रेडिएटरमध्ये काय आहे ते बघा

नाताळची सुट्टी आणि शेतमालाचे हातात आलेले चार पैसे, असा मेळ बसला की गावाकडची मंडळीही आता मनालीचा बेत आखतात. पोरांना बर्फ बघायचा असतो, सोलंगला जाऊन स्कीइंग करायचं असतं. सहा-सात जणांची विमानाची तिकिटं काढण्यापेक्षा दारातली गाडी काढलेली बरी, असा हिशेब होतो. हिशेब चुकीचा नाही. पण आपल्याकडची गाडी उन्हाळ्याच्या बेताने ठेवलेली असते. ४२ अंशांत व्यवस्थित चालणारी गाडी उणे ५ अंशांत सकाळी चालू होईलच असं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात अचानक बर्फ पडला आणि सुमारे हजार गाड्या तासन् तास अडकल्या. पोलिसांना शेकडो पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी महागडी गाडी आणि साधी गाडी एकाच रांगेत उभ्या असतात. फरक पडतो तो गाडीच्या तयारीने आणि चालवणाऱ्याच्या निर्णयाने.

कोणती गाडी न्यावी?

मनाली शहर सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. चंदीगडवरून मंडी, कुल्लू मार्गे तिथपर्यंत एर्टिगा, बोलेरो, इनोव्हा, अगदी छोटी कारही आरामात जाते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. मनालीहून सोलंग १३-१४ किलोमीटर. तिथून वर धुंडीजवळ अटल बोगद्याचं तोंड लागतं. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आणि सुमारे ३,००० मीटर उंचीवर आहे. बर्फाचा त्रास होतो तो याच शेवटच्या पट्ट्यात.

गाडी निवडताना या गोष्टी बघा:

- ताकद कोणत्या चाकांना आहे? एर्टिगाची ताकद पुढच्या चाकांना, तर बोलेरो, ईको आणि इनोव्हा क्रिस्टाची मागच्या चाकांना. साखळी कोणत्या चाकांना लावायची ते यावरूनच ठरतं.
- फोर बाय फोर आहे का? जिम्नी फोर बाय फोरच येते. थार आणि स्कॉर्पिओ-एन मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे गाडी थार आहे म्हणजे ती फोर बाय फोर असेलच असं नाही. आरसी आणि लिव्हर दोन्ही तपासा.
- माणसं किती? सात जणांच्या गाडीत नऊ जण आणि टपावर बॅगांचा ढीग, हे घाटात आणि बर्फात अंगाशी येतं. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं.

स्की, बूट, बर्फाचे कपडे हे सगळं मनाली-सोलंगला भाड्याने मिळतं. त्यासाठी टपावर कॅरिअर बसवायची गरज नाही.

फोर बाय फोर गाडी असली तरी एक लक्षात ठेवा. ती गाडीला पुढे ओढते, थांबवत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात आणि बर्फावर सगळ्याच घसरतात. पहिल्या पावसानंतर काळ्या रानातल्या वाटेवर ज्याने गाडी घातली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

रेडिएटर: पाणी की कूलंट?

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच आणि सगळ्यात जास्त विसरली जाते तीही हीच. गाडी जुनी झाली की कूलंट कमी होतं, मग कुणीतरी बाटलीभर पाणी ओततं. पुढच्या खेपेला पुन्हा पाणी. वर्ष-दोन वर्षांत रेडिएटरमध्ये कूलंट नावालाच उरतं, बाकी सगळं बोअरचं पाणी. आपल्याकडे ते खपून जातं.

मनालीत जानेवारीतल्या रात्री पारा शून्याखाली जातो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवली की फुटते, तसंच रेडिएटर, पाण्याचे पाइप आणि नशीब फार खराब असेल तर इंजिनचा ब्लॉकही तडकतो. ब्लॉक गेला की खर्च सगळ्या सहलीपेक्षा जास्त. शिवाय गाडी घरापासून दीड-दोन हजार किलोमीटरवर उभी.

उपाय स्वस्त आहे. निघण्याआधी आठ-दहा दिवस जुनं पाणी पूर्ण काढून टाका आणि निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण भरा. असं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. तयार मिसळलेलं कूलंट आणलं तर त्यात पाणी घालू नका. झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. आधीच भरून घेतलं तर कुठे गळती आहे का, तेही गावातच कळतं.

काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही गोठतं. ते काढून थंडीत चालणारं वॉशर लिक्विड भरा.

डिझेल, सीएनजी आणि इंजिन ऑइल

डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. कडाक्याच्या थंडीत तो घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकतो. सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही. म्हणूनच आपल्या देशात डिझेलचे उन्हाळी आणि हिवाळी निकष वेगळे आहेत. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. घरून भरलेली टाकी तशीच वर न्यायची नाही. वर चढण्याआधी तिकडच्याच पंपावर टाकी भरून घ्या. डिझेल फिल्टर जुना असेल तर घरीच बदला.

गाडी चालू होत नाही म्हणून टाकीखाली किंवा इंजिनखाली जाळ करायचा प्रकार कुणी सुचवला तर ऐकू नका. ऊन पडेपर्यंत थांबा.

सीएनजी गाडीवाल्यांनी डोंगरात सीएनजी पंपांवर भिस्त ठेवू नये. पेट्रोलची टाकी भरलेली हवी आणि गाडी पेट्रोलवर नीट चालते का, हे घरीच दोन दिवस चालवून बघावं. वर्षभर सीएनजीवरच पळणाऱ्या गाडीचं पेट्रोल टाकीत जुनं झालेलं असतं.

इंजिन ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. गाडीच्या पुस्तकात चालतील अशी दोन ऑइलं दिली असतील, तर लहान आकड्याचं निवडा.

टायर आणि साखळी

गुळगुळीत टायर आणि रिमोल्ड टायर बर्फात न्यायचे नाहीत. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. बर्फासाठी त्याच्या दुपटीने तरी नक्षी हवी.

तापमान १० अंश उतरलं की टायरमधली हवा साधारण २ पाउंडांनी कमी होते. घरी ३० अंशांत ३३ पाउंड भरली, तर शून्य अंशात ती २८ च्या आसपास येते. मनालीला पोचल्यावर सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा. बर्फासाठी हवा मुद्दाम कमी करायची गरज नाही.

भातखाचरात ट्रॅक्टरला केजव्हील लावतात, तसंच काम बर्फात टायरवरची साखळी करते. साखळी टायरच्या मापाचीच लागते. माप टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५. ताकद ज्या चाकांना, साखळी त्याच चाकांना. वेग ३० किलोमीटरच्या आत ठेवा आणि मोकळा डांबरी रस्ता लागला की साखळी काढा, नाहीतर टायरही जातो आणि साखळीही. अंगणात दोनदा लावून-काढून बघा. अंधारात, बोटं गारठलेली असताना पहिल्यांदा शिकणं अवघड जातं.

काश्मीरला जाणाऱ्यांसाठीही हेच आहे. गुलमर्गला बर्फ पडला की खाली टंगमार्गलाच पोलीस साखळी किंवा फोर बाय फोर आहे का ते बघतात. नसेल तर गाडी खालीच ठेवावी लागते.

रात्री गाडी लावताना

- बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. जंप केबल सोबत ठेवा.
- ओला हँडब्रेक रात्री गोठून चिकटतो. शक्यतो सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.
- वायपर काचेपासून उचलून ठेवा.
- काचेवर बर्फ साचला तर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. हीटर लावून वाट बघा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा.

बर्फावर चालवताना

रस्ता नुसता ओला, काळा दिसतो, पण त्यावर बर्फाचा पातळ थर असतो. सावलीच्या वळणावर, पुलावर आणि सकाळी दहाच्या आत हा धोका जास्त. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवा. उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरा. ब्रेक दाबून धरू नका. गाडी घसरली तर एक्सिलेटर सोडा आणि जिकडे जायचं आहे तिकडे हळूच स्टिअरिंग वळवा.

दुपारनंतर आभाळ भरून आलं तर खाली उतरा. बोगद्याच्या पलीकडे सिस्सूला अजून अर्धा तास थांबू म्हणणारेच बहुतेक वेळा रांगेत अडकतात.

अडकलात तर: गाडी चालू ठेवून झोपू नका

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या पर्यटनस्थळी हिमवादळात गाड्या अडकल्या. २० हून जास्त माणसं गाड्यांतच दगावली, त्यात लहान मुलंही होती. सगळेच थंडीने गेले नाहीत. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणसाला गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो.

त्यामुळे अडकलात तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने किंवा फावड्याने काढा. हीटर दहा मिनिटं लावा, मग इंजिन बंद करा. एक काच बोटभर उघडी ठेवा. एक जण कायम जागा राहिला पाहिजे. गाडी सोडून अंधारात चालत निघू नका. मदतीसाठी ११२ वर फोन करा. गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवू नका.

सोबत काय असावं

साखळी, टोचनचा पट्टा, जंप केबल, छोटं फावडं, बॅटरी, हातमोजे, माणशी एक ब्लँकेट, पाणी, चिक्की-शेंगदाणे, औषधं, मोबाइलचा गाडीतला चार्जर आणि हवा भरलेली स्टेपनी. विमा, पीयूसी आणि फास्टॅगची मुदतही बघून घ्या.

एवढी तयारी केली तरी जोराचा बर्फ पडत असेल तर स्वतःची गाडी मनालीतच हॉटेलवर ठेवा आणि सोलंगला स्थानिक चालकाच्या फोर बाय फोर गाडीने जा. त्या माणसाचं रोजचं जाणं-येणं त्याच रस्त्यावर असतं. एका दिवसाचं भाडं जाईल, पण घरची माणसं आणि गाडी दोन्ही सुखरूप राहतील.