देशोदेशींच्या द्राक्षासवांची चव व आपल्या बागायतदारांस तिचा बोध

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील दुकानांतून हल्लीं द्राक्षासवाच्या, म्हणजे सर्वत्र जीस वाईन म्हणतात तिच्या, परदेशी बाटल्या नासिकच्या बाटल्यांशेजारीं मांडलेल्या दिसतात. त्यांवरील किंमती पाहून आपल्या तालुक्यांतील कांहीं बागायतदार बंधु आम्हांस विचारतात कीं, नासिककरांप्रमाणें आपणही या जातीच्या द्राक्षांची लागवड करावी काय? या प्रश्नाचें उत्तर केवळ ऐकीव माहितीवर देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. महसूल खात्यांतील कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून आम्ही चार स्नेह्यांसह, रीतसर परवाना काढून, निरनिराळ्या देशांच्या वाईनी चाखून पाहत आलों आहों व त्यांचीं टिपणें ठेवीत आलों आहों. त्यांतून शेतकऱ्याच्या उपयोगाचें जें निघालें तें येथें देतों.

मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. दारूपायीं हातच्या गेलेल्या जमिनींच्या नोंदी फेरफाराच्या वहींत आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत. चाखणें म्हणजे पिणें नव्हे. एक लहानसा घोट तोंडांत घोळवावा, त्याचा वास व चव ध्यानीं घ्यावी आणि तो थुंकून टाकावा, अशीच जाणत्यांची रीत आहे.

वाईन म्हणजे काय, हें उत्तर कोंकणच्या वाचकास सहज समजेल. पहाटे उतरलेली नीरा गोड असते. तीच उन्हें चढल्यावर फेंसाळून आंबट व मादक ताडी होते. किण्व नांवाचे सूक्ष्म जीव नीरेंतील साखर खाऊन तिचा मद्यार्क करितात. द्राक्षरसाचेंही तेंच होतें. शंभर भाग रसांत २२ ते २४ भाग साखर असली, तर सुमारें १२ ते १३ भाग मद्यार्क तयार होतो. पांढऱ्या वाईनीकरितां रस सालींपासून लगेच वेगळा काढितात; तांबडीकरितां साली रसाबरोबरच आंबूं देतात, म्हणून तीस रंग व तुरटपणा येतो. यास्तव चाखतांना आंबटपणा, गोडी, तुरटपणा व वास या चार गोष्टींकडे लक्ष द्यावें.

आतां आमचीं टिपणें पाहा. जर्मनींत मोझेल नदीच्या कांठीं पाटीच्या दगडाचे उभे उतार आहेत. तेथील रीसलिंग जातीची वाईन पिकत्या लिंबासारखी स्वच्छ आंबट लागते. न्यूझीलंडच्या मार्लबरो प्रांतांतील सोव्हिन्यों ब्लाँ हिला नुकत्याच कापलेल्या हिरव्या गवताचा व पेरूचा वास येतो. फ्रान्समधील बोर्दोची तांबडी वाईन तरुणपणीं काताप्रमाणें जिभेस आवळते. मात्र चांगल्या बाटलींतील हा तुरटपणा वर्षांमागून वर्षें मवाळ होत जातो. पोर्तुगालची पोर्ट काकवीसारखी गोड असते. याचें कारण असें कीं, रस अर्धवट आंबला असतांच त्यांत द्राक्षांचा कडक अर्क घालितात, त्यामुळें किण्व मरतें व उरलेली साखर तशीच राहते. ऑस्ट्रेलियांतील बारोसा येथील शिराझ दाट, काळसर व पिकल्या जांभळासारखी वाटली; तीच जात फ्रान्सच्या ऱ्होन नदीखोऱ्यांतून आली, तेव्हां मात्र तिला मिऱ्याचा वास अधिक व अंग हलकें होतें.

सर्वांत उद्बोधक तुलना शेनिन ब्लाँ या जातीची झाली. हिचें मूळ स्थान फ्रान्समधील ल्वार नदीचें खोरें असून नासिककडेही हिची लागवड बरीच आहे. ल्वारची बाटली आंबट व करकरीत लागली, तर नासिकची मऊ, अननसाच्या वासाची व थोडी गोडसर. जात एकच असतां हा फरक कां पडावा? थंड देशांत वेल हिंवाळ्यांत निजते, वर्षांतून एकदांच छाटिली जाते व तिचें फळ सप्टेंबर-ऑक्टोबरांत हळूहळू पिकतें. आपल्याकडे वेल निजतच नाहीं. म्हणून एप्रिलांत खरड छाटणी व पावसाळा सरतां सरतां गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि फळ जानेवारी ते मार्च या काळांत उतरतें. उन्हें तापूं लागलीं कीं, घडांतील साखर झपाट्यानें चढते व आंबटपणा तितक्याच झपाट्यानें उतरतो. तोडणीस आठ दिवसांचा उशीर झाला, तर तो पेल्यांत कळतो.

फ्रान्समधील बर्गंडी प्रांताची व्यवस्था पाहून तर आम्हांस आपल्या जुन्या सर्व्हे सेटलमेंटची आठवण झाली. आपल्याकडे शेताची माती, खोली व पाणी पाहून त्याची आणेवारी ठरवीत. तेथें एकाच टेंकडीच्या उतारावरील लगतलगतच्या तुकड्यांस निरनिराळी प्रत लाविली असून त्या प्रतीप्रमाणें वाईनीस दर येतो. आपली प्रतवारी सारा ठरविण्यासाठीं झाली. तेथील प्रतवारीनें मालाची किंमत वाढविली. हा भेद विचार करण्याजोगा आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खाण्याच्या द्राक्षांत मणी मोठा, साल पातळ व बीं नसलेला असावा लागतो. वाईनीचा मणी याउलट लहान, जाड सालीचा व बियांचा असतो, आणि वेलीवर घड जास्त ठेविले तर रस पातळ पडतो. असा माल कारखानदारानें नाकारिला, तर बाजारांत दुसरें गिऱ्हाईक मिळत नाहीं. नारायणगांव येथें १९८० नंतरच्या दशकांत फेंसाळ वाईन निघूं लागली. नासिकजवळ सुला हा कारखाना सन २००० मध्यें सुरू झाला. सन २००१ मध्यें राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें. त्यामागोमाग कारखाने वाढले व लागवडही वाढली. परंतु २००८ सालच्या जागतिक मंदीनंतर मागणी बसली, साठे पडून राहिले आणि कित्येक बागायतदारांस हातांनीं लाविलेल्या वेली उपटून टाकाव्या लागल्या. नासिकसारख्या अनुकूल प्रदेशांत हें घडलें, हें विसरतां कामा नये.

आपला प्रदेश तर अनुकूलही नाहीं. घाटाखालीं पाऊस घाटावरच्या मानानें पुष्कळच जास्त. भाताच्या खाचरांत पाणी सांचून राहतें. हवा दमट असल्यानें केवडा व भुरी हे रोग हटत नाहींत. तेव्हां कल्याण, मुरबाड किंवा शहापूर तालुक्यांतील शेतकऱ्यानें कर्ज काढून वाईनीचीं द्राक्षें लावूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग या चाखण्याचा आपणांस उपयोग काय? तो असा कीं, जगांत किंमत येते ती विशिष्ट जागीं, विशिष्ट जातीच्या व वेळीं तोडलेल्या फळास. आणि त्या जागेचें नांव जपलें तरच ती टिकते. शँपेन हें नांव त्या प्रांताबाहेरच्या वाईनीस लावण्यास युरोपांत कायद्यानें मनाई आहे. आपल्याकडेही १९९९ सालचा भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे व त्याखालीं नासिक व्हॅली वाईन, डहाणू-घोलवडचा चिकू, वाड्याचा कोलम तांदूळ, तसेंच बदलापूर व बहाडोली येथील जांभूळ यांस मानांकन मिळालेलें आहे. यांपैकीं डहाणू, वाडा व बहाडोली हीं ठिकाणें १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेलीं असलीं, तरी माल आपलाच आहे. बोर्डीस चिकूचें आसव करून विकण्याचा प्रयत्नही झालेला आहे.

परंतु गांवास मानांकन मिळालें म्हणजे प्रत्येक शेतकऱ्यास तें वापरतां येतें असें नव्हे. त्यासाठीं अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचें नांव नोंदवावें लागतें. म्हणून जांभूळ व चिकूच्या बागाइतदारांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं सात-बाराच्या उताऱ्यावर आपल्या झाडांची नोंद आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, नसल्यास तलाठ्याकडे अर्ज द्यावा व मग वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. कोणी कारखानदार रस किंवा आसवाकरितां फळ मागूं लागला, तर भाव, प्रत व उचलीची तारीख हीं तिन्ही कागदावर घेतल्यावांचून एकही नवें झाड लावूं नये.