चुंबकाची साक्ष : एका स्तरित अतिसंवाहकाची कथा

तांब्याच्या तारेतून वीज वाहू लागली की ती तार थोडीबहुत तापतेच. विद्युत्‌प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉनांचा ओघ. वाटेत हे इलेक्ट्रॉन धातूच्या कंप पावणाऱ्या अणूंवर आणि स्फटिकातील दोषांवर आदळतात व त्यांच्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी १९११ साली पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झाला. या अवस्थेस अतिसंवाहकता म्हणतात. पुढे ओनेस यांना असेही आढळले की, पुरेसे प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावले असता ही अवस्था नष्ट होते. चुंबक हा अतिसंवाहकतेचा वैरी होय. परंतु न्यायालयात विरुद्ध पक्षाच्या उलटतपासणीतून जसे पुष्कळदा सत्य बाहेर येते, तसेच या वैऱ्याच्या साहाय्याने अतिसंवाहकतेचे अंतरंगही जाणून घेता येते. ते कसे, हे आपण एका स्फटिकाच्या उदाहरणाने पाहू.

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन एकेकटे हिंडत नाहीत; त्यांच्या जोड्या जमतात आणि या सर्व जोड्या एकाच लयीत पुढे सरकतात. हा सिद्धांत बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी १९५७ साली मांडला. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. त्याच्या या गुणाला परिवलन म्हणतात. नेहमीच्या अतिसंवाहकातील जोडीत दोघांची परिवलने परस्परविरुद्ध असतात. फुगडी घालणाऱ्या दोन मुलींची तोंडे विरुद्ध दिशांना असतात, तसाच हा प्रकार. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र मात्र साऱ्या चुंबकांना एकाच दिशेस तोंड करावयास लावू पाहते. हा जोर वाढत गेला की शेवटी हात सुटतात आणि फुगडी मोडते.

पण जोडी दुसऱ्याही प्रकारची असू शकते. जुवाला जुंपलेले दोन बैल एकाच दिशेस तोंड करून चालतात, तशी दोन्ही परिवलने समांतर असली तर? हीलियम-३ या द्रवात अणूंच्या अशा जोड्या जमतात, हे १९७२ सालच्या शोधानंतर सिद्ध झाले. अशा जोडीला परिवलनांमुळे चुंबकाचे भय उरत नाही. म्हणून एखाद्या पदार्थातील जोडी फुगडीची की जुवाची, हे चुंबकीय क्षेत्रालाच विचारावे लागते.

हा प्रश्न विचारण्यास स्तरित पदार्थ विशेष सोयीचे असतात. जपानमधील माएनो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली स्ट्राँशियम, रुथेनियम व ऑक्सिजन यांच्या एका संयुगात अतिसंवाहकता शोधून काढली. त्याच्या स्फटिकात रुथेनियम व ऑक्सिजन यांचे सपाट थर एकावर एक रचलेले असून मध्ये स्ट्राँशियमच्या ऑक्साइडाचे थर असतात. इलेक्ट्रॉन थरातून सहज फिरतात, पण एका थरातून दुसऱ्यात क्वचितच जातात. निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या १.५ अंशाला हा स्फटिक अतिसंवाहक होतो. चुंबकीय क्षेत्र थरांना लंब असेल, तर ते इलेक्ट्रॉनांना थरातच वर्तुळाकार वळवते आणि ०.०७५ टेस्ला एवढ्या क्षेत्रानेच अतिसंवाहकता संपते. क्षेत्र थरांना समांतर असेल, तर असे वळवणे त्याला कठीण जाते. मग त्याच्या सुमारे वीसपट, म्हणजे १.५ टेस्ला क्षेत्र लागते. इलेक्ट्रॉनांच्या गतीवरचा परिणाम असा दुर्बळ झाला की त्यांच्या परिवलनांवरचा परिणाम अधिक स्पष्ट दिसू लागतो.

तो मोजण्याची रीत अशी. ऑक्सिजन-१७ या समस्थानिकाचे अणुकेंद्रही चुंबकासारखे वागते. चुंबकीय क्षेत्रात ते एका ठराविक कंप्रतेच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देते. शेजारच्या इलेक्ट्रॉनांची परिवलने क्षेत्राकडे किंचित वळलेली असल्याने ही कंप्रता थोडी सरकते. या सरकण्याला वॉल्टर नाइट यांच्या नावावरून नाइट विस्थापन म्हणतात. जोडी विरुद्ध परिवलनांची असेल, तर स्फटिक अतिसंवाहक होताच हे विस्थापन घटावयास हवे. जोडी समांतर असेल, तर ते कायम राहू शकते. जपानमधील इशिदा व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली हा प्रयोग केला. विस्थापन मुळीच बदलले नाही. ही साक्ष निर्णायक वाटली. स्तरित स्फटिकात जुवाची जोडी सापडली, असे बहुतेकांनी मानले. भावी क्वांटम संगणकासाठी असा पदार्थ उपयोगी पडेल, अशी आशाही निर्माण झाली.

तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. क्षेत्र समांतर असताना, अत्यल्प तापमानात ही अतिसंवाहकता हळूहळू न मावळता एकदम तुटते, असे क्योटो येथील मापनांत २०१३ साली दिसले. फुगडीची जोडी अशी तुटू शकते; जुवाच्या जोडीने असे तुटण्याचे सरळ कारण दिसत नव्हते.

या कोड्याचा उलगडा २०१९ साली झाला. लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टुअर्ट ब्राउन यांच्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला, पण रेडिओ लहरींचे स्पंद क्रमाक्रमाने दुर्बळ करीत नेले. स्पंद पुरेसे दुर्बळ होताच नाइट विस्थापन स्पष्टपणे घटलेले दिसले! प्रबळ स्पंद स्फटिकाला क्षणभर तापवीत होते. उपकरण भोवतालचे तापमान योग्य दाखवीत असे. परंतु मापनाच्या नेमक्या क्षणी स्फटिक अतिसंवाहक राहिलेलाच नसे. साक्षीदार खोटे बोलला नव्हता; प्रश्न विचारण्याच्या पद्धतीनेच त्याची अवस्था बदलली होती. २०२० साली इशिदा यांच्या गटाने स्वतःच पुन्हा मापन करून विस्थापन घटते आणि स्पंदांनी स्फटिक तापतो, या दोन्ही गोष्टी प्रसिद्ध केल्या. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाविरुद्ध पुरावा देण्यास मनाचा मोठेपणा लागतो.

या स्फटिकातील जोडी विरुद्ध परिवलनांची आहे, असे मानण्याकडे आता कल आहे. तथापि ती साधी नसावी, असे दर्शविणारे अन्य पुरावे आहेत आणि तिच्या नेमक्या स्वरूपाविषयी शास्त्रज्ञांत एकमत झालेले नाही.

दरम्यान हाच प्रश्न नव्या स्तरित पदार्थांना विचारला जात आहे. विरुद्ध परिवलनांची जोडी किती क्षेत्र सोसू शकेल, याची मर्यादा क्लॉग्स्टन व चंद्रशेखर यांनी १९६२ साली स्वतंत्रपणे काढली होती : संक्रमण तापमानाच्या प्रत्येक केल्व्हिनमागे सुमारे १.८४ टेस्ला. (हे बी. एस. चंद्रशेखर होत, खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर नव्हेत.) एकमेकांशी किंचित पिळलेल्या ग्राफीनच्या तीन पापुद्र्यांनी ही मर्यादा दोन ते तीन पटींनी ओलांडल्याचे २०२१ साली आढळले. तेव्हा येथे जुवाची जोडी असेल काय? शक्य आहे. पण नायोबियम डायसेलेनाइडाचा एकच थर ही मर्यादा सहा पटींहून अधिक ओलांडतो, आणि तो वेगळ्याच कारणाने : त्यातील परिवलने थराला लंब दिशेत जखडलेली असल्यामुळे समांतर क्षेत्र त्यांना सहज वळवू शकत नाही. म्हणजे एकाच साक्षीचे दोन अर्थ निघू शकतात. रुथेनियमच्या स्फटिकाने शिकविलेला धडा येथे उपयोगी पडतो : उत्तर ऐकण्यापूर्वी, प्रश्न कसा विचारला गेला हे तपासून पाहावे.