विद्यार्थी-अंकाचे मुखपृष्ठ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळा-महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे मुखपृष्ठ म्हणजे अंकाचे नाव, चित्र आणि थोडका मजकूर यांची मांडणी. अंक कोणाचा, कोणासाठी आणि आत काय, हे त्या मांडणीतून अंक उघडण्याआधीच कळले पाहिजे. माध्यम-अभ्यासात हे काम सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांत येते. ब्रिटनच्या ओसीआर परीक्षा मंडळाच्या एएस-लेव्हल अभ्यासक्रमात काही वर्षे पूर्वतयारीचे कामच असे होते : नव्या शालेय किंवा महाविद्यालयीन अंकाचे पहिले पान तयार करणे, त्यावर एका विद्यार्थ्याचे मध्यम-समीप (मिडियम क्लोज-अप) छायाचित्र, अंकाचे नाव आणि नीट मांडलेला मजकूर. पुढे मुख्य काम आणि मग मूल्यमापन. काम लहान दिसते, त्यामुळे त्याभोवती गैरसमजही बरेच जमले आहेत. बेळगाव-निपाणी सीमाभागात ते अधिक नडतात, कारण येथील अंकाचा वाचक एकाच भाषेतला नसतो.

गुंजी हे याच सीमाभागातल्या खानापूर तालुक्यातले, बेळगाव-लोंढा रेल्वेमार्गावरचे आणि माउली देवीच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे गाव. येथून खानापूरला किंवा बेळगावला शिकायला जाणाऱ्या मुलाच्या घरात मराठी असते, सरकारी कागदावर कन्नड असते आणि पुढच्या शिक्षणात इंग्रजी येते. बेळगावच्या महाविद्यालयांचे वार्षिकांक म्हणूनच मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा विभागांत निघतात. निपाणीकडे आणखी एक गुंता आहे. शहर कर्नाटकात, पण त्याला लागून असलेले अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात, आणि तेथले देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. वर्गातली मुले दोन राज्यांतून येतात. अशा अंकाचे मुखपृष्ठ करताना पहिला प्रश्न ‘कोणते चित्र घ्यायचे’ हा नसतो. ‘कोणाच्या हातात जाणार’ हा असतो.

‘चित्र सुंदर असले की मुखपृष्ठ झाले’

हा समज मराठीत खोल रुजला आहे आणि त्याला कारणही आहे. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे अनेक वर्षे सजवली. घरोघरी ती कापून भिंतीवर लावली गेली. त्यामुळे मुखपृष्ठ म्हणजे एक देखणे चित्र आणि वर नाव, असे समीकरण झाले. पण ती चित्रे मुखपृष्ठासाठीच रंगवलेली असत. अंकाच्या नावासाठी वर जागा सोडलेली असे, आकृती उभ्या चौकटीत बसवलेली असे आणि रंग छपाईला मानवतील असे निवडलेले असत. विद्यार्थी मात्र आधीच काढलेला फोटो घेतो आणि नाव कुठे बसते ते नंतर पाहतो. मग नाव कपाळावर येते किंवा झाडाच्या फांद्यांत हरवते.

चित्र आणि कल्पना यांचा वेगळा मेळ वसंत सरवटे यांनी ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकांवर घातला. साहित्यिकांच्या अर्कचित्रांची ती मुखपृष्ठे पाहताच अंक पुस्तकांच्या जगाचा आहे हे कळत असे. ‘किर्लोस्कर’ मासिकाची मुळे तर बेळगावातच शोधता येतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला उद्योग बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तेथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्रक निघाले, पुढे त्याचेच मासिक झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. एका संस्थेचे घरगुती पत्रक साऱ्या महाराष्ट्राचे मासिक कसे होते, हे वार्षिकांक काढणाऱ्या प्रत्येक संपादक मंडळाने अभ्यासावे असे उदाहरण आहे.

‘फॉन्ट नंतर बघू’

सर्वांत जास्त मुखपृष्ठे येथेच बिघडतात. माध्यम-अभ्यासाची बहुतेक पाठ्यपुस्तके रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली असतात आणि त्यांतले नियम देवनागरीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. रोमन शीर्षकात अक्षरांमध्ये अंतर वाढवून भारदस्तपणा आणता येतो. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा सुटा दिसतो. रोमनमध्ये सगळी अक्षरे मोठ्या लिपीत लिहून नाव ठसठशीत करता येते. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे ठसा जाडीतून, आकारातून आणि रंगातून आणावा लागतो. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि खाली उकार. म्हणून दोन ओळींतले अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो.

जुळणी करणारे सॉफ्टवेअर देवनागरीसाठी लावलेले नसेल तर ‘वार्षिक’ हा साधा शब्दही मोडतो : वेलांटी ‘ष’च्या आधी न येता नंतर येते आणि रफाराऐवजी पाय मोडलेला ‘र’ उभा राहतो. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला की हा दोष जातो. फोटोशॉपमध्येही भारतीय लिप्यांसाठी मजकुराचा वेगळा पर्याय आहे. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव पद्धतीच्या अक्षरांत टाइप केलेला मजकूर युनिकोड फॉन्ट लावताच निरर्थक दिसतो. तो आधी रूपांतरित करावा लागतो. शिवाय मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत, आणि ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ प्रत्येक फॉन्टमध्ये नीट उमटतोच असे नाही. मराठी अंकाच्या नावातच परके वळण दिसले की जाणता वाचक तेथेच अडखळतो.

सीमाभागात याच्या जोडीला कन्नड येते. कन्नड अक्षरे गोलसर, त्यांना सलग शिरोरेषा नाही आणि जोडाक्षरातले दुसरे व्यंजन, म्हणजे ओत्तक्षर, खाली उतरते. देवनागरीला वर जागा हवी, कन्नडला खाली. दोन्ही नावे एकाच आकड्याच्या मापात लावली तरी डोळ्यांना एक लहान आणि एक मोठे दिसू शकते. सीमाभागात कोणती भाषा मोठी छापली हा निव्वळ सजावटीचा प्रश्न राहत नाही, म्हणून माप आकड्यावरून नव्हे, छापून आणि डोळ्यांनी ठरवावे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना-संस्थेचे ‘बलू’ आणि ‘अनेक’ हे फॉन्टसमूह देवनागरी, कन्नड आणि रोमन तिन्हींत एकाच स्वभावाने रेखाटलेले आहेत आणि मुक्त परवान्याखाली मिळतात. बहुभाषिक वार्षिकांकासाठी यापेक्षा सोयीची सुरुवात नाही.

‘बारकोड, किंमत आणि दहा मथळे हवेतच’

ही चिन्हे स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या मासिकांची आहेत. नियतकालिकाचा १३ अंकी बारकोड ९७७ ने सुरू होतो आणि त्यात आयएसएसएन हा ओळख-क्रमांक गुंफलेला असतो. ज्या अंकाला असा क्रमांकच नाही, त्याच्यावरचा बारकोड ही केवळ नक्कल. वर्गातल्या प्रात्यक्षिकात व्यावसायिक मासिकाचे रूप साधायचे असेल तर तो चालतो. खऱ्या वार्षिकांकावर त्याऐवजी संस्थेचे नाव, गाव आणि शैक्षणिक वर्ष ठळक हवे, कारण वीस वर्षांनी ग्रंथालयात अंक शोधणारा त्यांवरच अवलंबून असेल. मथळ्यांचेही तसेच. ‘न्यूयॉर्कर’ आजही मुखपृष्ठावर नाव, तारीख, किंमत आणि चित्र यांपलीकडे फारसे काही ठेवत नाही. संकेत मोडायला हरकत नाही. तो का मोडला हे सांगता आले पाहिजे.

‘मोबाइलमधला कोणताही फोटो चालतो’

बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. ए-४ पान २१० × २९७ मिलिमीटरचे. कापण्यासाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर धरले की २१६ × ३०३. इंचाला ३०० पिक्सेल या मापाने त्याला सुमारे २५५१ × ३५७९ पिक्सेल लागतात. उभा फोटो सहज पुरतो. आडवा फोटो उभ्या पानात बसवताना मात्र त्याचा जवळजवळ अर्धा भाग कापला जातो. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवला तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे छापताना तो साडेतेरा सेंटीमीटरपर्यंतच धारदार राहतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ आकारात पोहोचतो.

रंगांचाही असाच प्रकार. पडद्यावर रंग प्रकाशातून येतो, कागदावर चार शाईंतून. पावसाळ्यात गुंजी परिसरातल्या भातशेतीचा आणि रानाचा जो झळझळीत हिरवा मोबाइलवर दिसतो, तो चार शाईंत उतरत नाही. भगवा आणि गडद निळाही मंदावतो. बारीक देवनागरी मजकूर चार रंगांच्या मिश्रणातून छापू नये. छपाईची प्लेट केसभर सरकली तरी मात्रांच्या कडा पसरतात, म्हणून तो एकट्या काळ्या शाईतच ठेवावा.

‘शैक्षणिक कामाला कॉपीराइट लागत नाही’

अर्धे खरे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शिक्षक किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापराला सवलत देते. वर्गात मांडलेला नमुना त्यात बसतो. शेकडो प्रती छापून वाटलेला वार्षिकांक वर्गातला नमुना राहत नाही. इंटरनेटवर चित्र दिसले म्हणजे ते मुक्त झाले असेही नाही. चित्राचे हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतात; दलालांची चित्रे त्या हिशेबाने २०३१ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. स्वतः काढलेल्या फोटोतही ज्याचा चेहरा आहे त्याची, आणि तो अज्ञान असेल तर पालकांची, संमती घ्यावी.

‘फोटो म्हणजे वस्तुस्थिती, त्याला अर्थ नसतो’

‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकाने जवळ सरकवले गेले होते, मासिकाला त्याबद्दल बरीच टीका सोसावी लागली. २७ जून १९९४ च्या ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही अंकांवर खुनाचा आरोप असलेले कृष्णवर्णीय खेळाडू ओ. जे. सिम्प्सन यांचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो होता. ‘टाइम’ने तो काळवंडवला, आणि शेजारी ‘न्यूजवीक’ असल्यामुळे तो फरक साऱ्या अमेरिकेला दिसला. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात चिन्हांचा सिद्धान्त समजावताना उदाहरण घेतले तेही मुखपृष्ठाचेच : १९५५ च्या ‘पारी माच’ या फ्रेंच साप्ताहिकावरील, फ्रेंच गणवेशात सलामी देणारा कृष्णवर्णीय तरुण. चित्रात एक सैनिक आहे; अर्थ साम्राज्याबद्दलचा आहे.

वार्षिकांकावर हा प्रश्न साध्या रूपात येतो. समईशेजारी नऊवारीतली मुलगी आणि संगणकापुढे मुलगा, ही जोडी इतक्या अंकांवर आली आहे की ती निवड आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. खेड्यातून आलेला विद्यार्थी नेहमी बैलगाडी आणि डोंगर यांतूनच दाखवला जातो. गुंजीचा विद्यार्थी मात्र रेल्वेने किंवा बसने कॉलेज गाठतो, त्याच्या खिशात मोबाइल असतो आणि तो तीन लिप्या वाचतो. त्याचे खरे चित्र जास्त नवे आणि जास्त बोलके ठरेल.

‘मूल्यमापन म्हणजे काय काय केले त्याची हकीकत’

‘आधी फोटो काढला, मग पार्श्वभूमी बदलली, मित्रांना आवडले’ ही नोंदवही झाली. ओसीआरच्या मूल्यमापनात जे प्रश्न विचारले जात, त्यांचा गाभा वेगळा होता : प्रचलित संकेत कसे पाळले, पुढे नेले किंवा झुगारले, कोणत्या समाजगटाचे चित्रण झाले, हा अंक कोण वितरित करील, वाचक कोण आणि त्याच्याशी संवाद कसा साधला, तंत्राबद्दल काय शिकायला मिळाले. प्रत्येक उत्तराला मुखपृष्ठावरचा ठोस पुरावा हवा. ‘लाल रंग आकर्षक वाटला’ हे उत्तर अपुरे आहे. ‘हिरव्या पार्श्वभूमीवर नाव दुरून वाचता यावे म्हणून पांढरे केले आणि सात पावलांवरून वाचून पाहिले’ हे उत्तर तपासता येते.

मित्रांची पसंती हाही कच्चा पुरावा, कारण मित्राला अंक आधीच ठाऊक असतो. कधीच न पाहिलेल्या वाचकापुढे मुखपृष्ठ काही क्षण धरावे, मग झाकावे आणि विचारावे : अंकाचे नाव काय, पहिल्यांदा काय दिसले, आत काय असेल? सीमाभागात मराठी वाचणाऱ्याला, कन्नड वाचणाऱ्याला आणि दोन्ही वाचणाऱ्याला वेगवेगळे विचारावे. ब्रिटिश अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडले, की पाठवणाऱ्याने घातलेला अर्थ वाचक जसाच्या तसा स्वीकारतोच असे नाही. तो त्यात तडजोड करतो किंवा उलट अर्थही घेतो. उत्तरे जुळली नाहीत तर ती दडपू नयेत. मूल्यमापनातला सर्वांत मोलाचा मजकूर तोच असतो. पहिले कच्चे आराखडेही जपून ठेवावेत, कारण बदल कुठे आणि का झाला हे त्यांच्याशिवाय दाखवता येत नाही.

मूल्यमापन शेवटी करायचे असते, हा शेवटचा आणि खर्चिक गैरसमज. मुखपृष्ठ पुढचे-मागचे मिळून एकाच कागदावर छापले जाते आणि पाठपट्टीची जाडी पानांवरून ठरते : १२० पानांचा अंक म्हणजे ६० पाती, पातीला ०.१ मिलिमीटर धरले तर ६ मिलिमीटर. हे माप, जोडाक्षरे, वर्ष आणि दोन्ही लिप्यांतली नावे प्रत्यक्ष आकारात छापलेल्या नमुन्यावरच तपासावी लागतात. चूक प्लेट निघाल्यानंतर सापडली तर प्लेट पुन्हा काढावी लागते. छपाईनंतर सापडली तर सगळी मुखपृष्ठे पुन्हा छापावी लागतात.