तीन तारांवरचं साहस

नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ सालची. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पाचवीत असेन आणि शेवटची वाचली ती गेल्या वर्षी. कोण वाचतं, कोण मरतं, कोण कोणाचा निघतो, सगळं ठाऊक होतं. तरी संकटाचं पान जवळ आलं तसं माझं जेवण लांबत गेलं, आणि दिवा मालवला तेव्हा एक वाजून गेला होता. रहस्यकथेत खुनी कळला की पुस्तक कपाटात जातं. अद्भुत साहसाच्या गोष्टीला मात्र शेवट फुटल्यानं ओरखडाही येत नाही. असं का, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं पडलेला आहे.

२०११ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी बारा लघुकथा घेऊन हेच तपासून पाहिलं होतं. काही वाचकांना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. ज्यांना शेवट माहीत होता त्यांना गोष्टी जास्त आवडल्या. पुढच्या अभ्यासांत निकाल इतका सरळ लागला नाही, आणि ते साहजिक आहे. कोणती गोष्ट, कोणाला, कोणासोबत ऐकायला मिळाली यावर बरंच ठरतं. मला या कोड्याचं उत्तर सापडलं ते पैनगंगेच्या पलीकडे, आदिलाबादच्या डोंगरांत.

हा मुलूख आपल्याला परका नाही. आजचे किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. आदिलाबादच्या बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी एकाच पारावर बोलल्या जातात. गोंडांच्या पर्सा पेन या थोरल्या कुळदेवाचे उत्सव वैशाखात आणि पौषात होतात. त्या वेळी इथे एक कथा गायिली जाते. ती गाणारा प्रधान समाजाचा भाट. गोंडीत ‘पाटा’ म्हणजे गाणं, म्हणून त्याला पाटाडी असंही म्हणतात. हातात किंगरी: तीन तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य. समोर बसलेल्या माणसांनी ही कथा आजोबांच्या मांडीवर बसल्यापासून ऐकलेली असते. तरी रात्र सरेपर्यंत कोणी उठत नाही.

कथा काय आहे? तिची रूपं अनेक आहेत, गावागणिक फरक पडतो. सर्वांत आधी छापलं गेलेलं रूप घेऊ.

सृष्टीच्या आरंभी गोंड जन्मतात आणि महादेव त्यांना एका गुहेत कोंडून टाकतो. दाराशी प्रचंड शिळा. चौघे भाऊ तेवढे निसटतात आणि रानात भटकत राहतात. इकडे एका फुलातून लिंगो जन्मतो, यालाच पहांदी कुपार लिंगल असंही म्हणतात. तो त्या भावांना भेटतो, शेती शिकवतो. पण शिजवायला विस्तव नाही. विस्तव आहे तो रिकाड गवाडी नावाच्या म्हाताऱ्या राक्षसाच्या शेतात. तो शेकोटीपाशी झोपतो. धाकटा भाऊ दबकत जातो, जळकं लाकूड उचलतो, आणि ठिणगी नेमकी राक्षसाच्या अंगावर पडते. राक्षस किंचाळत उठतो, पोरगं लाकूड टाकून जीव घेऊन पळतं.

मग लिंगो स्वतः जातो. जाताना शस्त्र घेत नाही. वाळलेला भोपळा, बांबूचा तुकडा आणि स्वतःच्या डोक्याचे केस, एवढ्यातून तो एक वाद्य करतो, पिंपळावर चढून बसतो आणि वाजवू लागतो. म्हातारा राक्षस जागा होतो. रागानं आरडाओरडा करण्याऐवजी तो नाचू लागतो. त्याची म्हातारी येते, तीही नाचू लागते. पहाट होते तरी दोघं नाचतच असतात. लिंगो झाडावरून उतरून त्याला मामा म्हणतो. विस्तव मिळतो, भावांसाठी राक्षसाच्या सात मुलीही मिळतात. मला जगातल्या सगळ्या अग्निहरणांच्या गोष्टींत ही सर्वांत प्रिय आहे. ग्रीकांच्या प्रोमिथियसला विस्तवासाठी कड्याला साखळदंडानं बांधून घ्यावं लागलं. इथे एका पिंपळाखाली दोन म्हातारी माणसं नाचली आणि काम झालं.

पुढे त्याच सात बायकांच्या खोट्या आळामुळे भाऊ लिंगोला मारून टाकतात. अमृत शिंपडून तो पुन्हा उठतो आणि आता त्याला उरलेल्या गोंडांची आठवण लागते, गुहेत कोंडलेल्यांची. महादेव अट घालतो: काळ्या बिंदो पक्ष्याची पिल्लं घेऊन ये. लिंगो समुद्रकाठी जातो. नर-मादी चाऱ्याला गेलेली, घरट्यात पिल्लं एकटी, आणि समुद्रातून त्यांना गिळायला भवरनाग वर येतोय. बाण सुटतो. नागाचे सात तुकडे होतात. परत आलेला पक्षी कृतज्ञतेनं लिंगोला पंखांवर घेतो आणि उन्हाची झळ लागू न देता थेट महादेवाकडे पोचवतो.

इथे थांबून थोडं आजूबाजूला पाहावंसं वाटतं. पिल्लं खाणारा साप, त्याला मारणारा वीर, उपकार फेडायला वीराला पाठीवर घेऊन उडणारा पक्षी: ही गाठ मध्य आशियापासून युरोपपर्यंतच्या लोककथांत सापडते. १९३७ साली आलेल्या टॉल्किनच्या ‘हॉबिट’मध्येही वाट संपली की गरुड येतात. कोणी कोणाचं ऐकलं, की माणसाच्या मनालाच अशी वळणं पडतात, यावर विद्वान शंभर वर्षं वाद घालत आले आहेत. मला त्या वादापेक्षा, तोच पक्षी समुद्राकाठून सह्याद्रीच्या पूर्वेच्या या डोंगरांत येऊन बसला, याचंच नवल अधिक वाटतं.

गुहा उघडते, माणसं मोकळी होतात. पण वाटेत नदीला पूर येतो. बाकीचे पार झालेले असतात, लिंगो आणि चौघे जण मागे राहतात. मगर आणि कासव पाठीवर घ्यायला कबूल होतात. चौघे मगरीवर बसतात, लिंगो कासवावर. भर धारेत मगर खाली जाऊ लागते. कासव मान लांब करतं, एकेकाला पकडून आपल्या पाठीवर घेतं आणि पैलतीराला लावतं. तिथे शपथ घेतली जाते: कासवाला कधी दुखवायचं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऐकणाऱ्यांसाठी ही कादंबरी नव्हे, ही त्यांची श्रद्धा आहे, त्यांचं पुराण आहे. मी तिला साहसकथेच्या शेजारी बसवतोय ते एवढ्याचसाठी, की ऐकताना छाती धडधडते ती दोन्हीकडे सारखीच. फरक पुढचा आहे, आणि त्या फरकातच मला माझं उत्तर मिळालं.

अद्भुत कादंबरीचा लेखक एक दुसरं जग उभं करतो. नकाशा काढतो, भाषा घडवतो, वंशावळी रचतो. वाचक त्यात पाहुणा म्हणून शिरतो आणि पुस्तक मिटल्यावर बाहेर येतो. आदिलाबादचा श्रोता पाहुणा नसतो. गोंडांची कुळं ‘सगा’ नावाच्या गटांत वाटलेली आहेत: येरवेन सगा, सरवेन सगा, सिवेन सगा, नलवेन सगा. सात भावांचे, सहा भावांचे, पाच भावांचे, चार भावांचे. एकाच सगातल्या मुलामुलींचं लग्न होत नाही. गुहेतून बाहेर आलेल्यांना लिंगलनं जे वाटून दिलं तेच हे गट, असं कथा सांगते. म्हणजे श्रोता जेव्हा गुहेचं दार उघडण्याची वाट पाहत असतो तेव्हा तो स्वतःच्याच जन्माची वाट पाहत असतो. आज सोयरीक कुठे जुळेल हेसुद्धा त्या दारापाशी ठरलेलं आहे. आडनावंही पाहा. ‘टेका’ म्हणजे सागवान, त्यावरून टेकाम. ‘मरका’ म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीच्या शाळांत हजेरी घेताना गुरुजी अशी कितीतरी नावं घेतात.

आणि सांगणारा? तोही कथेच्या आतच आहे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. तिथली प्रचंड गुहा हीच ती गुहा मानतात. तिकडच्या परंपरेत शिळा हलते ती हिरासुका पाटाडीच्या किंगरीच्या नादानं. दार उघडतं आणि त्याच शिळेखाली हिरासुका चिरडून जातो. तो प्रधानांचा मूळपुरुष. त्याचा वंशज तीच किंगरी मांडीवर घेऊन तोच प्रसंग गातो, तेव्हा समोरच्यांना काय वाटत असेल याची मी फक्त कल्पना करू शकतो. असा निवेदक कुठल्या कादंबरीकाराला मिळाला आहे?

यात आपल्यासाठी आणखी एक धागा आहे. आदिलाबादच्या प्रधानांची घरची भाषा मराठी, हे तिथे राहून अभ्यास केलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फनं नोंदवून ठेवलं आहे. बायकोशी, पोरांशी मराठी. आणि देवापुढे बसलं की गोंडी. यजमानांचं पुराण यजमानांच्याच भाषेत, पिढ्यान्‌पिढ्या, मराठी बोलणाऱ्या ओठांनी जपलं. मराठीनं दुसऱ्या भाषेसाठी केलेल्या इतक्या मोठ्या सेवेची आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात ओळभरही नोंद माझ्या वाचण्यात आली नाही. याची मला खंत वाटते.

इतकं लक्षात राहतं तरी कसं? मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याचा शिष्य अल्बर्ट लॉर्ड यानं १९६० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं ते असं: असा गायक शब्द न्‌ शब्द पाठ करत नाही. त्याच्याकडे तयार घडणीच्या ओळी असतात: वीर निघाला की या, पहाट झाली की या, युद्धाला तोंड लागलं की त्या. प्रसंगांचा क्रम पक्का, वीण दर वेळी नवी. जात्यावर बसलेली आपली आजी ओवी जुळवताना हेच करायची. म्हणून ठाऊक असलेली कथा ऐकताना श्रोत्याला एकच गोष्ट ठाऊक नसते: आज रात्री ती कशी होणार. राक्षस आज किती वेळ नाचणार. नाग आज किती जवळ येणार.

वर सांगितलेलं रूप प्रधानाच्या तोंडून उतरवून घेतलं ते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटकडची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ते पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. त्यांची कागदपत्रं रिचर्ड टेंपलनं १८६६ साली छापली. पुरात सापडलेल्या माणसांना कासवानं तारल्याची गोष्ट, जिचा लेखनिक पुरात गेला, अशी ती आपल्या हाती आली.

सालं शेजारी ठेवून पाहा. मराठीतली हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. मराठी कादंबरी अद्भुताच्या शोधात अरबी आणि संस्कृत कथांची दारं ठोठावत होती त्याच दशकात हे गाणं छापून झालं होतं. मध्ये वर्धा नदी तेवढी आडवी होती.

आदिलाबादचं रूप कागदावर आलं ते युद्धामुळे. हायमेनडॉर्फ व्हिएन्नाचा. १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा तो हिंदुस्थानात होता, शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला आणि निजामाच्या राज्याबाहेर जायला त्याला मनाई झाली. १९४० साली जोडेघाटला गोंडांच्या बंडाचे नेते कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर गोंड का पेटले हे समजून घेण्याचं काम निजाम सरकारनं त्याच्यावर सोपवलं. तो मारलवाई गावात झोपडी बांधून राहिला आणि तिथल्या भाटांच्या कथा उतरवून घेत राहिला. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ १९४८ साली निघालं. मराठी वाचक ज्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतात ते सेतुमाधवराव पगडीही सरकारी नोकरीत याच डोंगरांत आले, गोंडी शिकले आणि तिचं व्याकरण लिहून गेले.

गाणाऱ्यांनी स्वतः काही लिहिलं नव्हतं, असा समज मात्र २००६ साली कोलमडला. आदिलाबाद जिल्ह्यात नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावात जुन्या हस्तलिखितांचा गठ्ठा पुढे आला. हैदराबाद विद्यापीठाचे जयधीर तिरुमल राव आणि त्यांचे सहकारी तो अभ्यासू लागले. लिपी कोणत्याही ओळखीच्या लिपीत बसेना. ती गोंडीची स्वतःची होती आणि गावातल्या मोजक्या म्हाताऱ्यांना ती अजून वाचता येत होती. टॉल्किननं आपल्या कल्पित जगासाठी लिप्या घडवल्या. जगभरच्या वाचकांनी त्या हौसेनं शिकून घेतल्या. युनिकोडच्या तक्त्यात त्यांना अजून जागा मिळालेली नाही. गुंजाळा गोंडीला ती २०१८ साली मिळाली. आता एखाद्या टेकाम किंवा मरकाम घरातल्या पोराला पिंपळावरचा लिंगो आणि खाली नाचणारा म्हातारा राक्षस आपल्याच अक्षरांत वाचता येईल, आणि कुळांची नावं घ्यायची वेळ आली की पानावर स्वतःचं आडनाव दिसेल.